चित्राला गिऱ्हाईक

चित्र विकण्यात कमीपणा आहे, ही समजूत प्रथम बाजूस ठेवू. राजा रविवर्मा यांची तैलचित्रे संस्थानिकांच्या महालांत लागली. पण त्यांचे नाव घरोघर गेले ते १८९४ साली मुंबईत काढलेल्या शिळाछापखान्यातील स्वस्त लक्ष्मी-सरस्वतींमुळे. मात्र त्याच छापखान्याने त्यांना कर्जात लोटले, आणि अखेर तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. तेव्हा तुटपुंज्या भांडवलाच्या माणसाने त्यांची युक्ती घ्यावी, छापखाना घेऊ नये!

महाडचा चित्रकार म्हणतो, येथे रसिक कोठे आहेत? अहो, रायगडाचा यात्रेकरू महाडास उतरतो, महाबळेश्वरचा घाट चढणारा पोलादपुरास वळतो. रायगडाचे एक चित्र जीव ओतून काढावे. त्याच्या पोस्टकार्डाएवढ्या पन्नासच प्रती छापून चहाच्या दुकानात ठेवाव्यात. किंमत समोर, नाव-पत्ता पाठीमागे. त्या खपल्यावरच पुढच्या पन्नास. दुकानदाराचा वाटा मात्र आधी ठरवावा. मी तो ठरविला नव्हता. संकोचापायी वर्षभर हिशेबही मागितला नाही. शेवटी गेलो, तेव्हा माझी बारा चित्रे उन्हाने पिवळी पडून तेथेच टांगलेली होती.