बसऱ्याच्या भिंतीवरचे आकडे



 1918 साली 11 नोव्हेंबरला पहिलं महायुद्ध थांबलं. त्या युद्धात परमुलखात मेलेल्या आपल्या माणसांविषयी आज बोलायचं आहे.

कोकणात आणि साताऱ्याकडे काही जुन्या गावांत एक लहानशी संगमरवरी पाटी भिंतीत बसवलेली दिसते. तिच्यावर इंग्रजीत कोरलेलं असतं की या गावातून महायुद्धावर इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. एवढंच. गावाचं नाव आहे, आकडे आहेत. माणसाचं नाव एकही नाही.

ही माणसं गेली कुठे? कुणी फ्रान्सला गेलं, कुणी पूर्व आफ्रिकेला. पण मराठा पलटणींचा मोठा संबंध आला तो मेसोपोटेमियाशी, म्हणजे आजच्या इराकशी. 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या सहाही मराठा पलटणी त्या मुलखात लढल्या. 1914च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरातून पहिली तुकडी निघाली, तिच्यात 117वी मराठा होती. तिकडच्या बसरा या बंदराचं नाव आपल्या बायकांना नथीतल्या मोत्यांमुळे ठाऊक होतं. शिपायाला पगार महिना 11 रुपये. डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीवर घर चालत नव्हतं, वडील-चुलते पलटणीत होते, म्हणून पोरगाही भरती झाला.

पुढे कूत-अल-अमाराचा वेढा पडला. टायग्रिस नदीच्या वळणात वसलेलं ते गाव. 1915च्या डिसेंबरापासून 29 एप्रिल 1916पर्यंत, 147 दिवस, तुर्कांनी तिथे ब्रिटिश-हिंदी फौज कोंडून धरली. आत 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. धान्य सरत आलं. घोडे आणि खेचरं मारून खायची पाळी आली. गावी परतल्यावर जात-बिरादरी काय म्हणेल, या धास्तीने कितीतरी हिंदी शिपाई शेवटच्या दिवसांपर्यंत त्या मांसाला शिवले नाहीत. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, पहाऱ्यावर उभं राहायचं त्राण उरलं नाही. अखेर फौजेने शस्त्रं खाली ठेवली, आणि खरे हाल त्यानंतर सुरू झाले. त्या अशक्त माणसांना वाळवंटातून चालवत नेलं. अनेक हिंदी कैद्यांना रास-अल-ऐन इथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत जे पडले, त्यांना तिथेच सोडून पुढे जावं लागलं.

घरी काय पोचलं? कागद. देह नाही, अस्थी नाहीत. ज्याच्या मरणाची तिथीही धड कळलेली नाही, त्याचं श्राद्ध कोणत्या दिवशी घालायचं? असल्या प्रश्नाला त्या आयांनी आणि बायकांनी काय उत्तर काढलं असेल, ते मला सुचत नाही.

1929 साली बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा 40 हजारांहून अधिक सैनिकांचं ते स्मारक. ज्या युद्धकबर आयोगाने ते उभारलं, त्याचं तत्त्वच होतं की हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येक मृताचं नाव कोरायचं. बसऱ्याला ते तत्त्व मोडलं. ब्रिटिश सैनिकाचं नाव कोरलं, मग तो साधा शिपाई का असेना. हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा टाकला. नावं छापील नोंदवहीत ठेवली. 2021 साली आयोगाच्याच चौकशी समितीने हा भेदभाव मान्य केला. असमान वागणूक मिळालेल्या मृतांची संख्या तिने 45 ते 54 हजार धरली, त्यांत बहुसंख्य हिंदी आणि आफ्रिकी. आयोगाने माफी मागितली, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनीही संसदेत मागितली. शंभर वर्षांनी का होईना, झालं ते योग्य झालं.

नाव जपलं तर काय होतं, हेही पाहा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. दुसरं महायुद्ध, 10 जुलै 1944, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. हाताखालचे सगळे शिपाई मशिनगनने टिपले, तेव्हा हा 22 वर्षांचा गडी एकटा त्या मोर्च्यावर चालून गेला, मोर्चा घेतला आणि तिथेच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. 2023 साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने छायाघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या गावाने आपल्या माणसाचं नाव लावलं.

कुणी म्हणेल, ते तर इंग्रजांसाठी लढले, त्यांची आठवण आपण का ठेवायची? साम्राज्य इंग्रजांचं होतं, खरं. मेलेला मुलगा आपला होता. त्याच्या पगारावर आपलीच चूल पेटत होती. लंडनला विसर पडला त्याची माफी लंडनने मागितली, पण गावच्या भिंतीवरची पाटी आपल्या ताब्यात आहे.

म्हणून माझी विनंती आहे. आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत त्या युद्धाचं पदक असेल तर मोडीत घालू नका. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तळहाताएवढी ब्रॉन्झची गोल तबकडी असेल, तर ती युद्धात मेलेल्याच्या घरी दिलेली आहे. तिच्यावर त्याचं नाव आहे. युद्धकबर आयोगाच्या याद्या आता इंटरनेटवर आहेत आणि पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका लिहिलेला सापडतो. स्पेलिंग इंग्रजी कारकुनाच्या कानाला पटेल तसं आहे, तेव्हा नाव मोठ्याने वाचून पाहा, ओळख पटेल. शाळेतल्या मुलांना हे काम द्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. जितकी नावं मिळतील तितकी घेऊन येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडा, आणि त्या जुन्या पाटीशेजारी मराठीत दुसरी पाटी लावा.