रायतूरची शाळा आणि मराठीची ओवी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



गोव्यात मडगावपासून जवळच, जुवारी नदीच्या काठी एक टेकडी आहे. तिच्यावर पांढऱ्या भिंतींची, किल्ल्यासारखी भक्कम अशी एक इमारत उभी आहे. गावाचे नाव पोर्तुगिजांच्या तोंडी राशोल, आणि मराठी ग्रंथांत रायतूर. १६०६ साली जेझुइट पाद्र्यांनी या इमारतीचा पाया घातला आणि १६१० च्या सुमारास तिथे विद्यालय सुरू झाले. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वीस वर्षे आधी! आजही तिथे कॅथलिक धर्मगुरूंचे शिक्षण चालते. चारशे वर्षांहून अधिक काळ जिथे विद्यार्थ्यांचा राबता आहे, अशा शाळा आपल्याकडे किती असतील?

आज या शाळेविषयी मी बोलतो आहे त्याला कारण तिचे वय नाही. या टेकडीवर मराठी भाषेच्या इतिहासात एक मोठी गोष्ट घडली, म्हणून बोलतो आहे.

२४ ऑक्टोबर १५७९ या दिवशी थॉमस स्टीफन्स नावाचा तिशीचा इंग्रज तरुण जहाजातून गोव्यात उतरला. इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात त्याचा जन्म. तिथे तेव्हा कॅथलिकांना वाईट दिवस आले होते. तो रोमला जाऊन जेझुइट झाला आणि हिंदुस्थानात आला. पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, तो इथेच राहिला. त्यातली बहुतेक साष्टीत. ही साष्टी ठाण्याची नव्हे, गोव्यातला दक्षिणेकडचा तालुका. रायतूर त्याच साष्टीत आहे.

फादर स्टीफन्स मराठी शिकले, कोकणी शिकले. १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या! सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या चरित्रापर्यंतची कथा आपल्या पुराणांच्या थाटात सांगितलेली. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. मराठीच्या गौरवाच्या त्यांच्या ओव्या तुमच्यापैकी अनेकांच्या कानावरून गेल्या असतील. देवनागरीचे खिळे तिथे नव्हते, म्हणून हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला, १९५६ मध्ये प्रा. शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला आणि १९९६ मध्ये फादर कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती आली.

हा ग्रंथ लिहिण्याचे कारण प्रस्तावनेतच आले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला वाचायला तसे दुसरे काही का देत नाही? हा प्रश्न वाचला की मी थबकतो. त्यात मागणी आहे, तसे दुःखही आहे.

हे दुःख झाकून या शाळेचा इतिहास सांगणे बरोबर होणार नाही. त्या काळात साष्टीतली देवळे पाडली गेली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना आणि त्यांच्या सोबत्यांना ठार मारले. त्या पाचांत रुदोल्फ अक्वाविवा होते, ते अकबर बादशहाच्या दरबारात तीन वर्षे धर्मचर्चा करून नुकतेच परतले होते. मृतांना रायतूरच्या चर्चमध्ये पुरले गेले. पुढे पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून घेऊन मारले. दोन्हीकडचे रक्त त्या मातीत आहे.

त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, स्टीफन्स यांनी आपल्या भावाला एक पत्र लिहिले. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे त्यात त्यांनी नोंदवले आहे. हेच विल्यम जोन्स यांनी कोलकत्यात सांगितले ते १७८६ मध्ये, दोनशे वर्षांनी. आजूबाजूला एवढे घडत असताना हा माणूस इथल्या लोकांच्या बोलण्याकडे कान देऊन बसला होता.

आणि तो एकटा नव्हता. पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या काही जुन्या पोथ्या आहेत. त्यांत रामायण-महाभारताच्या कोकणी कथा आहेत, मराठी काव्ये आहेत. जी पुराणे बाहेर बंद केली, तीच आत बसून पाद्री मन लावून उतरवत होते! हेतू धर्मप्रसाराचा होता, यात शंका नाही. पण भाषा शिकायची तर तिच्या कवींच्या पायाशी बसावे लागते, हे त्यांना कळले होते. स्टीफन्स यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूरलाच छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते.

पुढे वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. १७५९ मध्ये जेझुइटांनाच पोर्तुगीज राज्यातून हाकलले आणि रायतूरची संस्था पुढे धर्मप्रांताकडे गेली. छपाईही थांबली. गोव्यात पुन्हा छापखाना आला तो १८२१ साली. हुकूम काढणारा व्हाइसरॉय आज कुणाला आठवत नाही. ओवी मात्र शिल्लक आहे.

श्रोतेहो, मी मुसलमान घरातला. घरात दखनी बोलली जायची, शाळा मराठी, बी.ए.लाही मी मराठीच घेतले. कविता मराठीत लिहू लागलो. एका कविसंमेलनानंतर एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "तुम्ही मराठी इतकी छान कशी हो बोलता?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण भाषेच्या दारात पाहुणा म्हणून उभे केल्यासारखे वाटले. ज्या शतकात स्टीफन्स यांच्या ओव्या छापल्या गेल्या, त्याच शतकात इकडे श्रीगोंद्याला शेख महंमद 'योगसंग्राम' सांगत होते. त्याच शतकात हुसेन अंबरखानाने गीतेवर मराठी टीका लिहिली. एक इंग्रज जेझुइट, एक सूफी घरातला वारकरी, एक गीतेचा मुसलमान टीकाकार. मराठीने यांतल्या कुणालाही दाखला मागितला नाही. कष्ट तेवढे मागितले.

म्हणून रायतूरची गोष्ट मला आजच्या शाळांसाठी महत्त्वाची वाटते. १९९० साली गोवा सरकारने प्रादेशिक भाषेतल्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचे ठरवले, तेव्हा चर्चच्या कितीतरी शाळा कोकणीकडे वळल्या. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान मिळू लागले आणि वर्ग पुन्हा इंग्रजीकडे गेले. पालकांना दोष देणे सोपे आहे. पोराला नोकरी लागावी असे कुणाला वाटत नाही? आपल्या महाराष्ट्रात तरी दुसरे काय चालले आहे? २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले आणि सकाळी मुलांना इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवले.

इंग्रजी जरूर शिकवा. माझे मागणे एवढेच की शाळेने, मग ती पाद्र्यांची असो, मौलवींची असो की संस्थाचालकांची, आपल्या फाटकाबाहेर भाजीवाली जी भाषा बोलते तिची विद्यार्थिनी व्हावे. रायतूरला हे सोळाशे सोळामध्ये जमले होते, तेही सत्तेच्या छायेत, परक्या लिपीत आणि खिळे नसताना. आपल्याकडे खिळे आहेत, लिपी आहे, राज्यही आपले आहे.