उताऱ्यातले आणि मनातले
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी २००८ पासून ‘क्लॅट’ ही सामाईक परीक्षा घेतली जाते. २०२० साली तिचे स्वरूप पालटले. पाठ केलेल्या माहितीवरचे सुटे प्रश्न गेले; त्यांच्या जागी सुमारे साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे आणि त्यांवरील प्रश्न आले. पदवी अभ्यासक्रमाच्या परीक्षेत आता १२० प्रश्न व १२० मिनिटे असतात; उतारा वाचण्याचा वेळही त्यातच धरायचा. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो.

या प्रश्नांत गुण जातात ते केवळ इंग्रजी शब्द अडल्यामुळे नव्हे. चळवळीच्या घरात वाढलेला हुशार मुलगाही येथे फसतो. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे.

नमुन्यादाखल एक छोटा उतारा घ्यावा. ‘पुनर्वसनाचा कायदा झाला, तरी अनेक गावांत जमीन मिळण्यास विलंब लागला. जेथे धरणग्रस्त संघटित होते, तेथे ती लवकर मिळाली. यावरून संघटनेमुळे अंमलबजावणीला वेग येतो, असे दिसते.’ प्रश्न असा, की यातून कोणता निष्कर्ष निघतो? पर्याय चार: कायदा निरुपयोगी आहे, संघटना नसेल तर जमीन मिळतच नाही, सरकारने स्वतंत्र अधिकारी नेमावा, कायद्यात तरतूद असणे आणि तिचा लाभ वेळेवर मिळणे या भिन्न गोष्टी आहेत.

कार्यकर्त्याचे मन दुसऱ्या पर्यायाकडे ओढ घेते. परंतु उतारा विलंबाविषयी बोलतो, नकाराविषयी नाही. ‘मिळतच नाही’ हा जोर वाचणाऱ्याने स्वतःच्या पदरचा घातलेला आहे. पहिल्या पर्यायातही तोच दोष आहे. तिसरी सूचना योग्य असेलही. पण ती उताऱ्यात नाही. चौथा पर्याय निरस वाटतो, आणि तोच बरोबर आहे. ‘सर्व’, ‘कधीच’, ‘केवळ’ असे टोकाचे शब्द पर्यायात दिसले, की तेवढाच जोर उताऱ्यात आहे काय, हे बोट ठेवून पाहावे.

दुसरा अवघड प्रकार गृहीतकाचा. लेखकाने न सांगता काय मानले आहे, असे विचारले जाते. येथे पर्याय उलटा करून पाहावा. संघटित गावांजवळ सरकारी जमीन आधीपासूनच मोकळी होती, असे मानले तर वेगाचे श्रेय संघटनेला देणारा युक्तिवाद डळमळतो. म्हणजे तसे नव्हते, हे लेखकाने गृहीत धरले होते. कायद्याच्या उताऱ्यांतही शिस्त हीच: उताऱ्यात दिलेला नियम तेवढ्यापुरता प्रमाण मानायचा, बाहेर ऐकलेला कायदा मध्ये आणायचा नाही.

ही शिस्त विचारांशी द्रोह करणारी नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे जसेच्या तसे समजल्यावाचून त्याचे खंडन होत नाही. भूसंपादनाची नोटीस वा कामगारांशी झालेला करार चुकीचा वाचला, तर त्याची किंमत पाव गुणाने भागत नाही.

मात्र या परीक्षेतील अन्यायही नजरेआड करता येणार नाही. राज्याच्या विधी प्रवेश परीक्षेत प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते; क्लॅट इंग्रजीतूनच होते. त्यामुळे तर्काची कसोटी म्हणून जे मोजले जाते, त्यात लहानपणी घरात कोणती वर्तमानपत्रे येत होती, हेही मोजले जाते. शेतमजुराच्या मुलीची बुद्धी त्या मिनिटाच्या हिशेबात मागे पडते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत तिला जागा मिळायची, तर परीक्षा मराठीतही व्हावी ही मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे.

ती मान्य होईपर्यंत तालुक्याच्या वाचनालयात आठवड्यातून दोनदा बसता येईल. आधी मराठी अग्रलेख घ्यावा आणि प्रत्येक उत्तराला ‘हे कोणत्या ओळीत आहे?’ असे विचारावे. मग तोच सराव इंग्रजी उताऱ्यावर करावा, आणि घड्याळ शेवटी लावावे. या कामाला मोठा निधी लागत नाही. नियमाने येणारा एक कार्यकर्ता लागतो.