तालीम या शब्दाचे दोन अर्थ



मराठीत ‘तालीम’ हा शब्द दोन घरी नांदतो. एक घर तांबड्या मातीच्या हौद्याचे, जेथे पहिलवान जोर-बैठका काढतात. दुसरे नाटकमंडळीचे, जेथे नट आपली नक्कल पाठ करून उभे राहतात. आखाड्यात वस्ताद असतो, नाटकात तालीममास्तर. गोविंद बल्लाळ देवल हे ‘शारदा’चे कर्ते म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण नटांना घडविणारे तालीममास्तर म्हणूनही त्यांची मोठी ख्याती होती. एकच शब्द दोन्हीकडे असूनही या दोन घरांत फारसे येणे-जाणे मात्र राहिले नाही. आपल्या संगीत रंगभूमीने कान लावला तो शब्दाकडे आणि सुराकडे. नटाचा देह बहुधा त्याच्या त्याच्या नशिबावर सोपविला गेला.

ही दोन घरे जोडणारा एक व्यवसाय गेल्या शतकात पाश्चात्त्य रंगभूमीवर उदयास आला आणि आता तो चित्रपटातही स्थिरावला आहे. त्याला आपण देहगती-दिग्दर्शक म्हणू. हा नृत्यदिग्दर्शक नव्हे. नृत्यदिग्दर्शक पावले बसवून देतो. हा मनुष्य नटाला विचारतो की, तू ज्याचे सोंग घेतले आहेस त्याचा भार कोणत्या पायावर असतो? तो दारातून आत येताना प्रथम काय पुढे येते, कपाळ, छाती की पोट? कारकुनाची मान आणि कोळ्याची मान एकसारखी कशी असेल? पात्राचे वय, धंदा, आजार, लाज, गर्व हे सारे शब्दांच्या आधी अंगावर दिसले पाहिजे, एवढ्यासाठी त्याची नेमणूक असते.

यावर कोणी म्हणेल की यात नवे ते काय, भरतमुनींनी हे सारे लिहून ठेवलेच आहे. खरे आहे. मस्तकाचे तेरा प्रकार, दृष्टीचे छत्तीस प्रकार आणि ‘गतिप्रचार’ या स्वतंत्र विषयाखाली राजाची, वृद्धाची, आंधळ्याची, मद्यप्याची, रथात चढणाऱ्याची चाल नाट्यशास्त्रात सांगितलेली आहे. परंतु ग्रंथात असणे निराळे आणि मंगळवारच्या तालमीला कोणीतरी हजर राहून नटाची चाल तपासणे निराळे. ग्रंथाचा अभिमान आपण पुष्कळ बाळगला. माणूस मात्र नेमला नाही.

या विद्येला आधुनिक काळात शास्त्राचे रूप देणाऱ्यांत रुडॉल्फ लाबान याचे नाव आधी घ्यावे लागते. तो 1879 साली त्या वेळच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मला आणि जर्मनीत नृत्यकार म्हणून प्रसिद्धीस आला. हिटलरच्या राजवटीत त्याने काही काळ सरकारी अधिकारपदही भूषविले, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनी झाकू नये. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्याने बसविलेला सामूहिक कार्यक्रम गोबेल्सला रुचला नाही, तो रद्द झाला, आणि पुढे लाबान इंग्लंडच्या आश्रयास गेला. तेथे युद्धाच्या काळात त्याला काम मिळाले ते रंगमंचावर नव्हे, तर कारखान्यात! पुरुषांची जड कामे करू लागलेल्या स्त्रियांनी केवळ दंडाच्या बळावर ओझे न उचलता देहाचा झोका कसा वापरावा, याचा अभ्यास त्याने लॉरेन्स नावाच्या एका औद्योगिक सल्लागाराबरोबर केला. त्यांचे पुस्तक 1947 साली निघाले. त्यातून आलेल्या आठ मूळ क्रिया आज जगभरचे नट शिकतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ठोसणे, दाबणे, पिळणे, फटकारणे, टिपणे, झटकणे, सरकणे आणि तरंगणे.

वाचून हे रुक्ष वाटते. पण ‘बस’ हा एकच शब्द घ्या. बापाने मुलाला तो दाबून म्हटला तर हुकूम होतो, टिपून म्हटला तर लाड होतो, पिळून म्हटला तर त्यात काही जुने दुःख आहे असे वाटते. हाताने ती क्रिया करीत करीत शब्द उच्चारावा आणि मग हात थांबवून शब्द तेवढा ठेवावा. क्रिया आवाजात उरते. इयत्ता आठवीच्या मुलांकडूनही हे दहा मिनिटांत करून घेता येते.

फ्रान्समधील जाक लकोक याचे मूळ तर सरळ आखाड्यातले. तो व्यायामशिक्षक होता. 1956 साली त्याने पॅरिसमध्ये शाळा काढली आणि भावहीन मुखवटा चढवून विद्यार्थ्यांना उभे केले. चेहरा झाकला की खोटेपणा लपविण्याची जागाच राहत नाही, मग पाठ, खांदे आणि गुडघे यांना बोलावे लागते.

शाळेतील नाताळच्या नाटुकल्यात मला याची प्रचीती आली. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या मुली डोक्यावर घागरी घेऊन अशा टुणटुण चालत होत्या की घागर रिकामी आहे हे शेवटच्या बाकावरूनही कळावे. यात त्यांचा काय दोष? त्यांच्या घरी नळ आहे. त्यांपैकी एकीच्या आजीला तालमीला बोलाविले. आजीने घागर गळ्यापर्यंत भरली, स्वतः चालून दाखविली आणि मग मुलींना तशाच चालायला लावले. परकर भिजले, हसू झाले. पण चौथ्या दिवशी रिकाम्या घागरीनेही त्यांची मान स्थिर राहू लागली, आणि बोलताना आवाज आपोआप खाली उतरला. आजीने दिलेले शिक्षण हेच या व्यवसायाचे सार आहे, फक्त तिला त्याचे मानधन मिळाले नाही.

आता चित्रपटाचे एक उदाहरण, ज्याचा धागा थेट आपल्या पाचगणीपर्यंत येतो. फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला वेड लावणारा गायक म्हणजे फारुख बलसारा. जन्म झांजिबारचा, आईवडील पारशी, आणि शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या 2018 च्या चित्रपटात त्याची भूमिका रामी मालेक याने केली. 13 जुलै 1985 रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झालेला तो सुप्रसिद्ध कार्यक्रम चित्रफितींत उपलब्ध आहे. त्यातील हातवारे मोजून उतरवून काढणे अवघड नव्हते. पण मालेकच्या साहाय्यास आलेल्या पॉली बेनेट या देहगती-शिक्षिकेने हातवाऱ्यांच्या मागचा माणूस शोधला. शाळेत हा मुलगा मुष्टियुद्ध खेळे. ती चपळाई आणि तो पवित्रा पुढे रंगमंचावर उतरला. पुढे आलेले दात झाकण्यासाठी ओठ मिटण्याची सवय, आणि त्या सवयीतला संकोच, हाही त्याच देहाचा भाग होता. विशेष म्हणजे चित्रीकरण सुरू झाले ते त्या वेम्ब्लीच्या प्रसंगापासूनच. शेवटाचा प्रसंग अंगात तयार नसता तर पहिल्या आठवड्यातच सोंग उघडे पडले असते. मालेकला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले.

याहून कठीण काम ‘द थिअरी ऑफ एव्हरीथिंग’ या 2014 च्या चित्रपटात झाले. स्टीफन हॉकिंग यांना 1963 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, चेतापेशी निकामी करणारा आजार असल्याचे निदान झाले. या आजारात काही स्नायू ताठरतात आणि काही गळून जातात. रुग्णागणिक क्रम वेगळा. एडी रेडमेन हा नट अशा रुग्णांना महिनोन्‌महिने भेटत राहिला, आणि अलेक्झांड्रा रेनॉल्ड्स या नृत्यकार बाईंबरोबर त्याने आपल्या देहाची उजळणी केली. चित्रपटाचे प्रसंग क्रमाने चित्रित होत नसतात. सकाळी धडधाकट विद्यार्थी, दुपारी काठी, संध्याकाळी चाकाची खुर्ची. म्हणून कोणत्या प्रसंगी कोणता स्नायू किती खचलेला आहे याचा तक्ताच त्याने मांडला. तासन्‌तास वाकडे बसून आपल्या पाठीच्या कण्याची ठेवण बदलली, असे त्याने पुढे सांगितले.

येथे एक प्रश्न मला बोचतो. धडधाकट नटाने अपंगाचे सोंग घ्यावे आणि त्याची वाहवा व्हावी, हे कितपत योग्य? अपंग नटांना भूमिका मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार रास्त आहे आणि ती ऐकली गेली पाहिजे. पण ज्या नाटकांत आपल्याकडे लंगडा, तोतरा, कुबडा केवळ हशा पिकविण्यासाठी येतो, त्या नाटकांपुढे हा तक्ता ठेवून पाहावा. दुसऱ्याच्या वेदनेची नक्कल करण्यापूर्वी निदान ती कोणत्या स्नायूत आहे हे विचारण्याची सभ्यता त्यात आहे. आणि नटाचा स्वतःचा कणा शाबूत राहील इतपत सावध करणारे कोणी शेजारी असणे, हेही तितकेच अगत्याचे.

या लोकांना श्रेय कोणत्या नावाने द्यावे, हे विलायतेतही अजून पुरते ठरलेले नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरने 2007 साली ‘वॉर हॉर्स’ रंगमंचावर आणले. त्यात खऱ्या घोड्याएवढी कळसूत्री बाहुली तीन माणसे चालवितात. एक मस्तक, एक छाती, एक मागचे पाय. घोडा उभा असतानाही श्वास घेतो, आणि त्या श्वासासाठी तिघांचे श्वास एक व्हावे लागतात. हे काम बसविणारा टोबी सेजविक लकोकच्या शाळेतला. त्याला ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले, ते मात्र नृत्यरचनेचे!

आपल्याकडेही असे घडलेले आहे. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. त्या नाटकात ब्राह्मणांची एक रांग आहे. ती डुलते, गाते, पाठ फिरविते की भिंत होते, आणि भिंतीआड काय चालले आहे ते आपण पाहत नाही, पण समजतो. त्या रांगेच्या हालचाली कृष्णदेव मुळगुंद यांनी बसविल्या. श्रेयनामावलीत त्यांच्यापुढे ‘नृत्य’ एवढेच लिहिलेले असते. भिंतीला नृत्य म्हणतात का, हे मात्र कोणी विचारले नाही.