वाघाच्या रानाला जायचे तर



वर्गाचे वर्ष संपले की आपण एक सहल काढतो. कधी गणपतीपुळ्याला गेलो, कधी पावसला, कधी मार्लेश्वरला. यंदा सहलीचा विषय निघाला, तेव्हा मागून आवाज आला, "गुरुजी, यंदा वाघ बघायला जाऊ या की!" सगळे हसले. पण हसून झाल्यावर नाही कुणीच म्हणेना. म्हणून आज आम्ही याच विषयावर चार गोष्टी सांगणार आहोत. वाघाच्या रानाला जायचे तर आधी काय काय ठरवावे लागते, ते बघू.

पहिला प्रश्न. वाघ आहे कुठे?

पूर्वी आपल्या देशात वाघ पुष्कळ होते. शिकारीने आणि जंगलतोडीने ते कमी कमी होत गेले. १९७२ साली मोजणी केली, तेव्हा साऱ्या देशात १,८२७ वाघ भरले. सरकारला काळजी पडली. १९७२ साली वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. व्याघ्र म्हणजे वाघ. वाघासाठी खास राखलेले रान, ते व्याघ्र प्रकल्पाचे रान. तेथे शिकार बंद, झाडतोड बंद. पन्नास वर्षांत फरक पडला. २०२२ च्या मोजणीत देशात सुमारे ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्यांतले ४४४ आपल्या महाराष्ट्रात.

महाराष्ट्रात अशी सहा राने आहेत. मेळघाट, ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा ही पाच विदर्भात. सहावे कुठे, सांगा पाहू? सहावे आपल्या उशालाच आहे! त्याचे नाव सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. खाली चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आणि वर कोयनेचे अभयारण्य, ही दोन राने मिळून २०१० साली तो झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि आपली रत्नागिरी, अशा चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. संगमेश्वरच्या अंगणातून पूर्वेला जी निळी भिंत दिसते ना, तिच्या माथ्यावरचे रान ते हेच.

आता दुसरा प्रश्न. लांब जायचे की जवळ?

तरणी पोरे म्हणाली, "ताडोब्याला जाऊ. तिथे वाघ हटकून दिसतो." खरे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोब्यात वाघ पुष्कळ आहेत, आणि दिसण्याचा संभव मोठा. पण हटकून असे रानात काही नसते. पैसे भरून वाघ न बघता परत आलेले लोकही आहेत. शिवाय ताडोबा म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे टोक. जाण्यायेण्यातच दिवस मोडतात. तिथे उघड्या जीपगाडीतून फिरवतात. एका जीपमध्ये सहा माणसे. आपण वीसजण. मग जीप किती लागतील? तिनांत अठराच मावतात. म्हणजे चार लागल्या. भाडे चार गाड्यांचे. नावे आधी नोंदवावी लागतात. ज्या ओळखपत्रावर नाव नोंदवले, तेच ओळखपत्र फाटकावर दाखवावे लागते. मंगळवारी ते रान बंद असते.

चांदोली जवळ आहे. रत्नागिरीहून पाली, साखरपा, मग आंबा घाट चढून मलकापूर. तिथून कोकरूडवरून वारणेच्या काठाने वारणावती. तिथे वारणेवर मोठे धरण आहे. मणदूरच्या बाजूने रानात जाण्याची वाट आहे. एक मुक्काम धरला तर सहल नीट होते.

पण एक गोष्ट आम्ही आधीच सांगून ठेवतो. चांदोलीत वाघ दिसेल असे मनात धरून येऊ नका. तिथे वाघ फार थोडे आहेत. रानात लावलेल्या कॅमेऱ्यांत त्यांचे फोटो आले आहेत. तिथले वाघ वाढावेत म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याच्या बाजूची एक वाघीण तिथे आणून सोडली. पण एवढे मोठे रान, आणि त्यात दडून राहणारा प्राणी! आपल्याला तो कसा दिसणार? तोच आपल्याला बघेल.

मग बघायचे काय? गवा बघायचा. सांबर, भेकर बघायचे. झाडाच्या शेंड्यावरून उड्या मारणारे शेकरू बघायचे. शेकरू हा आपल्या राज्याचा प्राणी आहे. मोठ्या चोचीचा धनेश बघायचा. मातीत उमटलेला पंजा बघायचा. आणि पाणी बघायचे. आपली शास्त्री नदी याच डोंगररांगेत उगम पावते. तिकडे रान राखले, तर डोंगरात पाणी मुरते, आणि इकडे आपल्या वहाळाला पुढे बरेच दिवस पाणी राहते. वाघ राखायचा तर त्याला हरणे-गवे हवेत. हरणांना चारा हवा. चाऱ्याला रान हवे. म्हणजे वाघाच्या निमित्ताने सारे रानच राखले जाते. हे समजले तरी सहलीचा पैसा वसूल.

तिसरा प्रश्न. कधी जायचे?

पावसाळ्यात ही राने बंद ठेवतात. वाटा खचतात, ओढ्यांना पूर येतो. पावसाळ्यानंतर रान उघडते, तेव्हा हिरवे गार असते. सड्यांवर फुले असतात. पण गवत उंच, जनावर दिसत नाही. माघ-फाल्गुनापासून पाणी आटत जाते, मग जनावरे पाणवठ्यावर येतात. आपली लावणी-कापणी आटोपलेली असते आणि आंब्याची गडबड सुरू व्हायची असते. तेव्हा माघ महिना आपल्याला सोयीचा.

चौथा प्रश्न. पैसा.

आपण वीसजण आहोत. प्रत्येकाने महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकले, तर पाच महिन्यांत किती होतील? पाटीवर करून बघा. वीस गुणिले शंभर, दोन हजार. दोन हजार गुणिले पाच, दहा हजार. आता खर्चाची यादी करा. गाडीचे भाडे. मुक्काम. जेवण. रानाची प्रवेश-फी. वाटाड्याचे पैसे. फीचे दर बदलत असतात. म्हणून ऐकीव आकडा धरू नका, वन खात्याकडूनच विचारून घ्या.

आणि पैसे मधल्या माणसाच्या हातात देऊ नका. एकदा आम्ही स्वतःच फसलो आहोत. "सगळी सोय मी करतो," असे एकजण म्हणाला. आम्ही पैसे दिले. पावती मागितली नाही. तो माणूस पुन्हा दिसला नाही. चूक आमचीही होती. वाचता येत होते, पण वाचायला कागदच मागितला नाही. तेव्हा पैसा दिला की पावती घ्या, आणि ती वाचा.

आता रानातले नियम. गाडीतून खाली उतरायचे नाही. मोठ्याने बोलायचे नाही. मोबाईल बंद. भडक कपडे नकोत. विडी-काडी नको, एका ठिणगीने डोंगर पेटतो. जनावराला खायला टाकायचे नाही. नेलेला कागद आणि पिशवी परत आणायची. वाटाड्या सांगेल ते ऐकायचे.

इतके बोलणे झाले आणि आमच्या वर्गातली एक आजी उठली. आजी मूळची गोठण्याची. गोठणे हे संगमेश्वर तालुक्यातले गाव चांदोलीच्या रानात होते. रान राखायचे ठरले, तेव्हा तिथल्या लोकांना गाव सोडावे लागले. त्यांची नवी वस्ती खाली देवरुखजवळ हातीवला झाली. आजी म्हणाली, "तुमी जावा वाघ बगाया. मी त्याच्यासाठी घर सोडला. आनी त्याला काय बगू?"

वर्ग गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. काय उत्तर देणार? आजी खोटे बोलत नव्हती. रान राखले, ते कुणाचे तरी घर रिकामे करून. सहलीला जाणाऱ्याने हे विसरू नये.

थोड्या वेळाने आजीच म्हणाली, "पन आमच्या पानवठ्यावर आता कोन पानी पितो, ता एकदा बगायचा हाय."

मंडळी, त्या क्षणी आपली सहल ठरली. ताडोबा पुढे कधीतरी. यंदा चांदोली.

पण गोठण्याची जागा आतल्या रानात आहे. तिथे सहलीच्या लोकांना जाता येईलच असे नाही. जायला परवानगी हवी. परवानगीला अर्ज हवा. आणि अर्ज लिहायला तुम्ही शिकलेले आहात. म्हणून येत्या शनिवारी आपण वन खात्याला अर्ज लिहू. त्यात चार गोष्टी विचारू. माघात रान कोणत्या दिवशी उघडे असते? फी किती? वाटाड्या कोण मिळेल? आणि चौथी, आमच्या वर्गातल्या गोठण्याच्या आजीला तिच्या जुन्या गावापर्यंत, निदान गाव दिसेल अशा जागेपर्यंत, नेता येईल काय?

उत्तर होय येईल, नाही येईल, आज सांगता येत नाही. नाही आले तर कारण विचारू. पुन्हा लिहू.

अर्जाखाली वीस सह्या हव्यात. अंगठा एकही नको. आजीला अजून नावाची पहिली दोनच अक्षरे येतात. शनिवारपर्यंत चार दिवस आहेत. शेजारच्या बायांनी तिच्याकडून रोज संध्याकाळी नाव गिरवून घ्यावे. सगळ्यांत वर सही तिचीच राहील.