एल्बेकाठचे हाम्बुर्ग
हाम्बुर्ग हे जर्मनीतील सर्वांत मोठे बंदर; पण ते सागरतीरावर नाही. समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत, एल्बे नदीच्या काठी ते वसले आहे. मित्रांसमवेत तेथे जाणाऱ्याने रविवारची पहाट दवडू नये. १७०३ पासून भरणाऱ्या मासळीबाजारात विक्रेत्यांच्या आरोळ्या ऐकाव्यात आणि १९११ मध्ये खुल्या झालेल्या बोगद्यातून, नदीच्या तळाखालून, पायीच पैलतीर गाठावा. परतल्यावर संत निकोलसच्या चर्चपाशी मात्र हास्यविनोद आपोआप थांबतो. जुलै १९४३ च्या बाँबवर्षावात शहरातील हजारो माणसे होरपळून मेली. चर्चचे छप्पर कोसळले. मनोरा उभा राहिला. तो भग्नावशेष नगराने मुद्दाम तसाच राखला आहे. बाजार गजबजावा, पण जखम झाकली जाऊ नये, हे या नगराचे शहाणपण होय.