दार उघडणारी श्रद्धा



ख्रिस्ताकडे आम्ही पोथीच्या वाटेने आलो नाही. माणसांची वागणूक पाहत आलो. संघटनेत माणूस भाषणावरून नव्हे, संकटातील वर्तनावरून पारखला जातो.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध ॲमस्टरडॅमच्या ट्राम व गोदी कामगारांनी संप केला. पुढाकार निरीश्वरवादी कम्युनिस्टांचा होता. त्याच हॉलंडात, हार्लेम गावी, टेन बूम या श्रद्धाळू घड्याळजींचे घर होते. तिथे १८४४ साली ज्यूंसाठी प्रार्थना सुरू झाली. शंभर वर्षांनी तिची किंमत द्यावी लागली. २८ फेब्रुवारी १९४४ रोजी नाझींचा छापा पडला. खोट्या भिंतीआडची सहा माणसे सापडली नाहीत. घरचे पकडले गेले. ८४ वर्षांचे कॅस्पर दहा दिवसांत कैदेत वारले. थोरली लेक बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या छावणीत गेली. धाकटी कॉरी तिथून जिवंत परतली.

एकजूट आम्हांला संपाने शिकवली होती. या घराने पुढचे शिकवले. येशू ज्यू आईच्या पोटी जन्मला. त्याची भक्ती आणि त्याच्या जातभाईंचा द्वेष एका छातीत मावत नाही. चर्चने हे शतकानुशतके विसरावे, याचे दुःख आम्हांला आहे. म्हणूनच टेन बूमांचे ते दार आम्हांला मोठे वाटते. त्या दारातून आम्ही ख्रिस्ताकडे आलो.